ब्रेक रबर: कमी पैशात घेणं आणि जास्त दिवस चालवणं (प्रकल्प नोंदी, मे ते सप्टेंबर)

ठिकाण: यावल तालुका, रस्त्यालगतचं पत्र्याचं सायकल दुरुस्ती दुकान. कामाला घेतलेल्या सायकली ९. रॉड ब्रेकच्या (वायरऐवजी लोखंडी सळ्यांनी ओढला जाणारा) काळ्या ३ (दोन दुधाच्या, एक शेतावर जाणारी), कॅलिपर ब्रेकच्या (वरून चिमट्यासारखा रिमला धरणारा) लेडीज ३, व्ही-ब्रेकच्या (रिमच्या दोन बाजूंना दोन उभे हात) २, डिस्कची (चाकाच्या मधल्या चकतीला पॅड लागतात) १. रस्ते तीन तर्‍हेचे: गावात डांबरी, मळ्याकडे मुरमाचे, पावसाळ्यात काळ्या चिखलाचे.

१८ मे

नऊ सायकली, अठरा ब्रेक, छत्तीस रबरं. (डिस्कच्या पॅडलाही इथे सगळे रबरच म्हणतात. नोंदीत वेगळं लिहू.) सगळी काढून गोणपाटावर जोडीने मांडली. प्रत्येकाच्या पाठीवर पांढर्‍या पेनाने सायकलचा नंबर, पुढचं की मागचं, डावं की उजवं. नवीन घ्यायच्या आधी हे करायचं कारण असं की झिजलेलं रबर सायकलचं दुखणं सांगतं, आणि ते दुखणं तसंच ठेवून नवीन बसवलं तर तेही तसंच झिजतं.

डावं निम्मं झिजलेलं आणि उजवं जवळपास नवं असेल, तर एका बाजूची स्प्रिंग ढिली किंवा ब्रेक मधोमध नाही. पुढचं टोक जाड, मागचं पातळ असेल, तर रबर रिमला तिरकं लागतंय. खालच्या कडेला ओठासारखी पट्टी उरली असेल, तर तेवढा भाग रिमच्या बाहेर होता. हा ओठ वाढला की रिमखाली अडकतो आणि ब्रेक सोडल्यावरही सुटत नाही. तोंड काचेसारखं चकचकीत असेल, तर ते कडक पडलंय. तोंडात चांदीसारखे ठिपके दिसले, तर ते अ‍ॅल्युमिनियमचे कण आहेत, आणि ते आता रबराच्या आतून रिम खात बसलेत.

सरळ, सपाट झिजलेल्या जोड्या फक्त पाच. म्हणजे रबर ब्रेक मारून कमी संपतंय, चुकीचं लागून आणि विनाकारण घासून जास्त. पुढचं सगळं काम याच धोरणाने: पैसा आधी वायर, स्प्रिंग आणि चाकावर, मग रबरावर.

२० मे

खरेदी, जळगाव. तीन दुकानं फिरलो. जोडीचे भाव: रॉड ब्रेकचं रबर १५ ते २५ रुपये, कॅलिपरचं ३० ते ५०, व्ही-ब्रेकचं ७० मिलिमीटर लांबीचं ७० ते १२०, डिस्कचे साधे रेझिन पॅड २०० च्या आसपास. शू (रबर धरणारा धातूचा कप्पा) वेगळा आणि रबर सरकवून बदलता येणारं, म्हणजे कार्ट्रिजवालं, साडेतीनशेच्या पुढे. त्याचं नुसतं आतलं रबर १८०.

कार्ट्रिजचा हिशोब करून पाहिला. आतलं रबरच अख्ख्या साध्या जोडीपेक्षा महाग पडतं. फायदा एवढाच की शू एकदा सेट केला की रबर बदलताना सेटिंग हलत नाही, आणि चांगल्या रबराने अ‍ॅल्युमिनियमची रिम वाचते. रोज २५ किलोमीटर चालणार्‍या एका व्ही-ब्रेकच्या सायकलला घेतलं. शाळेच्या सायकलींना साधं ७० मिलिमीटरच बरं.

दुकानात काय पाहिलं:

नख दाबलं. वळ उठून लगेच भरून आला, तर रबर जिवंत. नख रुतलंच नाही, तर पडून पडून कडक झालंय. दुकानाच्या दारात दोरीला टांगलेली पाकिटं घेतली नाहीत. खान्देशात मे महिन्यात पारा ४४-४५ पर्यंत जातो, आणि ऊन व उष्णता हे रबराचे दोन मोठे वैरी. तोच माल आतल्या कपाटातून मागितला. दुकानदाराने जरा कुरकुर केली, पण काढून दिला.

रबर हलकेच वाकवून उजेडात धरलं. बारीक भेगा दिसल्या तर परत. तोंडावरच्या खाचा मोजल्या. खाच म्हणजेच झिजेची खूण, ती उथळ असेल तर दोन महिन्यांत मिटते. बोल्ट रबरात हलतो का तेही पाहिलं. स्वस्त मालात बोल्ट आतल्या पट्टीला धड धरलेला नसतो, आणि जोरात ब्रेक मारला की रबर बोल्टभोवती फिरतं.

व्ही-ब्रेकच्या पाकिटात वायसर पूर्ण आहेत का ते मोजायचं. प्रत्येक रबराला दोन फुगीर वायसर, त्यांना जुळणारे दोन खोलगट, एक साधा आणि नट. फुगीर वायसरांपैकी एक जाड, एक पातळ. एका पाकिटात जाड वायसरच नव्हता. तो नसेल तर रबर रिमपासून हव्या त्या अंतरावर येत नाही. ते पाकीट परत केलं.

जुन्या टायरचे तुकडे कापून रॉड ब्रेकच्या शूमध्ये ठोकायची रीत गावाकडे अजून आहे. आम्ही केलं नाही. टायरच्या आतले धागे कडेने उसवतात, तुकडा शूमध्ये घट्ट बसत नाही, आणि भरल्या कॅनची सायकल उतारावर असताना तो निसटला तर पंधरा रुपयांची बचत कुणाला आठवणार?

उरलेली रबरं झाकणाच्या डब्यात, सावलीत. तेलाच्या डब्यांजवळ नाही.

२३ मे

आज फक्त वायरी आणि परतीची हालचाल. नवीन रबर एकही लावलं नाही.

तपासायची रीत: चाक उचलून फिरवायचं, लिव्हर पूर्ण दाबून सोडायचा. दोन्ही बाजूंची रबरं एकाच वेळी, झटकन मागे आली पाहिजेत. सहा कॅलिपर आणि चार व्ही-ब्रेकपैकी सात ब्रेक आळसावलेले निघाले. रबर रिमला अर्धा क्षण चिकटून राहतं, काहींचं तर सुटतच नाही. पायडल मारताना थोडं जड वाटतं, चालवणार्‍याला वाटतं वाराच समोरून आहे, आणि रबर किलोमीटरमागून किलोमीटर झिजत राहतं.

दोष कुठे आहे ते असं शोधायचं: वायर ब्रेकपासून सोडवा आणि हाताने ओढा. वायर कव्हरमध्ये अडखळत असेल तर दोष वायरचा. वायर मोकळी सरकते आणि ब्रेकचा हात मात्र हळू येतो, तर दोष खिळीचा (ब्रेकचा हात जिच्यावर फिरतो ती) किंवा स्प्रिंगचा. अंदाजाने तेल सोडण्यापेक्षा हे दोन मिनिटांचं काम बरं.

सातांपैकी पाचांत वायर. आतली वायर गंजलेली, किंवा कव्हरचं टोक पक्कडने चेमटून कापलेलं. कव्हर नवीन कापताना टोक कानशीने सपाट करायचं, आतलं प्लास्टिक दाभणाने उघडायचं. नवीन आतली वायर २५ रुपयांना, कव्हर मीटरवर. जुनीच ठेवायची असेल तर कव्हरच्या वरच्या टोकाला प्लास्टिक पिशवीचा कोपरा कापून, नरसाळ्यासारखा सुतळीने बांधायचा आणि त्यात शिलाई मशीनचं पातळ तेल ओतून ते खालून निथळेपर्यंत टांगून ठेवायचं. ग्रीस भरायचं नाही, धूळ धरून महिन्यात त्याचा घट्ट लगदा होतो.

उरलेल्या दोनांत व्ही-ब्रेकची खिळ कोरडी. हात काढून खिळ पॉलिश पेपरने घासली, पातळ ग्रीसचा हात दिला, स्प्रिंगचं टोक पहिलं होतं त्याच भोकात बसवलं. फ्रेमवर साधारण तीन भोकं असतात. डावं टोक वरच्या भोकात आणि उजवं मधल्या भोकात गेलं, तर ब्रेक कधीच मधोमध येणार नाही, मग बाजूचा स्क्रू कितीही फिरवा. एका सायकलीत नेमकं हेच झालं होतं. १८ तारखेच्या मांडणीत तिचं डावं रबर संपलेलं होतं.

२५ मे

व्ही-ब्रेक आणि कॅलिपरला नवीन रबरं.

आधी रिम साबणाच्या पाण्याने धुतली, सुकल्यावर स्पिरिटच्या फडक्याने पुसली. रॉकेल किंवा डिझेलने पुसू नये. काळं लगेच निघतं म्हणून सगळे तेच वापरतात, पण तेलकट पापुद्रा मागे राहतो आणि नवीन रबर पहिल्या दिवसापासून घसरतं.

बसवायची उंची: वरची कड टायरपासून दीड ते दोन मिलिमीटर खाली, खालची कड रिमच्या आत. टायरला लागलं तर टायरची बाजू कापली जाते. व्ही-ब्रेकची खिळ खाली असते, म्हणून रबर झिजत जाईल तसं ते रिमवर खाली सरकतं. त्यामुळे नवीन असताना ते रिमच्या घासपट्टीवर वरच्या बाजूला ठेवायचं.

पुढचं टोक थोडं आधी लागलं पाहिजे. मागच्या टोकाखाली पोस्टकार्डाचा तुकडा घडी करून ठेवला, रबर हाताने रिमला दाबून धरलं, मग नट आवळला आणि कार्ड काढलं. पुढे-मागे सुमारे एक मिलिमीटरचा फरक राहतो. हे नसेल तर ब्रेक किंचाळतो. जास्त दिलं तर पुढचं टोक पाचरीसारखं झिजतं. आवळताना रबर नटाबरोबर फिरतं, त्याला दुसर्‍या हाताने पकडून ठेवावं लागतं. एकट्याने करायचं तर लिव्हरला ट्यूबच्या पट्टीने बांधून ठेवा.

कार्ट्रिजचं तोंड उघडं असतं ती बाजू मागे हवी. उलटं बसवलं तर ब्रेक मारताना चाक रबराला बाहेर ओढतं. शूवर डावं-उजवं आणि बाण कोरलेला असतो, तो वाचायला डोळे लागतात एवढंच.

दोन्ही बाजूंना रबर आणि रिममध्ये दीड-दोन मिलिमीटर. तीन लेडीज सायकलींपैकी एकीला एवढं अंतर देताच आलं नाही, रिम आउट होती, म्हणजे फिरताना डावी-उजवीकडे डुलत होती. ती बाजूला ठेवली.

२७ मे

रॉड ब्रेक. इथे रबर रिमच्या बाजूला नाही, रिमच्या आतल्या अंगाला, आर्‍यांच्या दोन्ही बाजूंना लागतं. म्हणून चाक डावी-उजवीकडे थोडं डुललं तरी चालतं, पण उंच-सखल झालं तर रबर एका जागी खाल्लं जातं. शूमध्ये रबर सरकवताना शूच्या तोंडाला साबण लावला, तेल नाही. बसवलेलं रबर निपलला (आरा रिमला धरणार्‍या छोट्या नटाला) लागता कामा नये.

दुधाच्या दोन्ही सायकलींत मागचं रबर सतत घासत होतं. कारण ब्रेकमध्ये नव्हतं. चेन ताणायला चाक मागे ओढलं होतं, आणि रॉड ब्रेकचं मागचं रबर मागच्या चाकाच्या पुढच्या भागात, रिमच्या मागच्या अंगाला, धुर्‍याच्या बाजूला असतं. चाक मागे आलं की रिम रबरावर येऊन टेकते. कॅलिपरमध्ये याच कारणाने उलटा त्रास होतो: चाक मागे गेलं की रबर टायरकडे सरकतं. तेव्हा चेन ताणली की मागचा ब्रेक परत सेट करायचा. पत्र्याच्या भिंतीवर हे खडूने मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलंय.

रॉडचे सगळे सांधे साफ करून तेलाचा एकेक थेंब. रॉड जोडणार्‍या चिमटीचे नट पूर्ण आवळले. ते ढिले असतील तर लिव्हर दाबला जातो, रॉड सरकतो आणि रबर जागचं हलत नाही. मग ऐकायला मिळतं, "भाऊ, ब्रेक लागस नही."

२ जून

चाकांचा आउट काढला, चार चाकं. फ्रेमला पेन्सिल बांधून टोक रिमजवळ आणलं. लागते तिथला, त्याच बाजूचा आरा पाव फेरा ढिला, समोरचा पाव फेरा घट्ट. एका वेळी पाव फेर्‍यापेक्षा जास्त नाही. दीड मिलिमीटरच्या आत आलं की थांबायचं. जुन्या लोखंडी रिमला याहून सरळ करायचा हट्ट धरला की निपल गोल होतात.

२५ मे ला अडलेली लेडीज सायकल सेट झाली.

१४ जून

पहिला जोरदार पाऊस. मुरमाचा रस्ता, काळा चिखल.

लोखंडी क्रोमच्या रिमवर पाणी असलं की ब्रेक जवळजवळ नसल्यासारखाच. चांगल्या रबरानेही यात मोठा फरक पडत नाही. चालवणार्‍यांना सांगितलं: उताराच्या अलीकडेच लिव्हर हलका दाबून दोन-चार फेरे रिम पुसून घ्या, मग जोर द्या.

काळी माती स्वतः मऊ असते, ती चिकटते एवढंच. खरा घास मुरमाच्या खड्यांचा. ओल्या रबरात खडा रुततो आणि पॉलिश पेपरचं काम करतो. त्यात रबराची आणि अ‍ॅल्युमिनियमची भुकटी मिसळली की काळी पेस्ट तयार होते. पावसाळ्याच्या एका आठवड्यात उन्हाळ्याच्या महिन्याहून जास्त झीज होते ती हिच्यामुळे. घरी आल्यावर बादलीभर पाणी दोन्ही रिमांवर आणि रबरांवर ओतणं, हा सगळ्यात स्वस्त उपाय.

आठवड्याला एकदा: रबर न काढता चाक काढायचं, तोंड बघायचं, सुईने किंवा दाभणाने खडे व धातूचे कण उचकटायचे, ८० ते १२० नंबरच्या पॉलिश पेपरने चार-पाच हात मारायचे. चमक गेली की पुरे. जास्त घासणं म्हणजे आपणच रबर संपवणं.

२९ जून

डिस्कची सायकल परत आली, ब्रेक लागत नाही. पॅड जाड, डिस्क सरळ. विचारल्यावर कळलं, मागच्या चाकावर गंज काढायचा स्प्रे मारला होता. डिस्क स्पिरिटने दोनदा पुसली, फडकं दर वेळी नवीन. पॅड घासून पाहिले, पहिल्या दहा ब्रेकला लागले, मग परत घसरले. तेल पॅडच्या आत मुरतं, वरून घासून निघत नाही. गॅसवर भाजायचा सल्ला कुणीतरी दिला. पॅड पाठीच्या पट्टीपासून सुटू शकतो म्हणून केलं नाही. नवीन जोडी, २०० रुपये. स्प्रे बहुधा त्याहून स्वस्त पडला असेल.

डिस्कवर "फक्त रेझिन पॅड" अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर कोरलेला होता, म्हणून धातूचे पॅड घेतले नाहीत. ते जास्त टिकतात, पण अशी नरम डिस्क लवकर खातात.

नवीन पॅड रुळवायला मोकळ्या रस्त्यावर वीसेक वेळा मध्यम वेगातून जवळजवळ थांबेपर्यंत ब्रेक, पूर्ण थांबायचं नाही. आधी पुढचा, मग मागचा. पॅडचा घासणारा थर अर्धा मिलिमीटर उरला की बदलायचा. त्याखाली गेला तर लोखंडी पाठ डिस्कला लागते.

२१ जुलै

मोजमाप, व्हर्नियरने, खाचेच्या तळापासून.

व्ही-ब्रेक, कार्ट्रिजवाली: चारही रबरं सारखी, झीज अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. दुसरी व्ही-ब्रेक, साधं रबर: पुढची जोडी ठीक, मागची जोडी दीड मिलिमीटर गेलेली. चालवणारा मुलगा फक्त मागचाच ब्रेक मारतो, पुढचा मारला तर उलटून पडू अशी भीती. पुढचा ब्रेक हळूहळू दाबला आणि अंग थोडं मागे ठेवलं तर सायकल उलटत नाही. खरी थांबवायची ताकद पुढच्यातच असते. त्याला दुकानासमोर दहा वेळा करायला लावलं.

दुधाची सायकल नंबर १: मागचं डावं जवळपास संपलेलं. शूची पट्टी वाकली होती, कॅन बांधताना दोरी तिच्यावरून नेली होती. पट्टी सरळ केली, दोरीची जागा बदलली.

११ ऑगस्ट

कानबाईचे रोट (खान्देशातला श्रावणातला सण). दुकान बंद. फक्त एक वायर तुटलेली सायकल दुपारी करून दिली.

१ सप्टेंबर

रिमची तपासणी. अ‍ॅल्युमिनियमच्या रिमवर लोखंडी पट्टीची कड उभी धरली. मधून उजेड दिसला, म्हणजे घासपट्टी खोलगट झालीय. एका रिममध्ये झिजेची खूण म्हणून पाडलेली खाच पूर्ण मिटलेली होती. रबरं अजून दोन महिने चालली असती, रिम नाही. अशी रिम हवा भरताना किंवा जोरात ब्रेक मारताना कडेने फाटते. मालकाला सांगून चाक बाजूला ठेवलं. त्याचं जुनं रबर, १८ मे ला चांदीच्या ठिपक्यांनी भरलेलं, अजून डब्यात आहे. ठिपके दिसले त्याच दिवशी उचकटले असते तर रिम कदाचित आणखी वर्षभर चालली असती.

एक सायकल तोरणमाळला नेणार आहेत. घाट उतरताना लिव्हर सतत हलका दाबून ठेवायचा नाही. तसं केलं की रबर आणि रिम दोन्ही तापतात आणि तोंड कडक होतं. थोडा वेळ जोरात दाबायचं, वेग उतरला की पूर्ण सोडायचं, पुढचा-मागचा आलटून पालटून. वाटेत दोन ठिकाणी थांबून रिमजवळ हात न्यावा. चटका लागला तर पाणी ओतू नये, सावलीत उभी करावी.

२९ सप्टेंबर

शेवटची मापं. मेमध्ये बसवलेल्यांपैकी बदलावी लागलेली: दुधाच्या सायकली नंबर १ ची मागची जोडी आणि स्प्रेने खराब झालेले डिस्कचे पॅड. साध्या व्ही-ब्रेकच्या मागच्या जोडीची झीज जुलैनंतर पुढच्या जोडीइतकीच. मुलगा आता दोन्ही ब्रेक मारतो.

राहिलेलं: लेडीज नंबर ३ चा पुढचा ब्रेक परत किंचाळतोय, कॅलिपरचा मधला बोल्ट ढिला असावा, आधी तो पाहायचा, मग पोस्टकार्ड. दूधवाल्याची चेन परत ढिली झालीय. ताणली की मागची रबरं सेट करायची. २२ नंबरचा पान्हा शेजारच्या मोटार गॅरेजमधून आणायचा.